शिदोरी की सामाईक स्वयंपाकघर?

प्रवासाला निघायचे ठरले की घरातल्या माणसांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "दशम्या, चटणी, दहीभात, पाणी, सारे बरोबर बांधून घ्या. वाटेत काय मिळेल याचा भरवसा नाही." दुसरा म्हणतो, "एवढे ओझे कशाला? जिथे उतरू तिथे जेवण मिळेलच की!" दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते. शिदोरीवाल्याची उपासमार होत नाही, पण त्याचे खांदे दुखतात. मोकळ्या हाताने जाणारा मजेत चालतो, पण एखाद्या आडगावी त्याची पंचाईत होते.

संगणकाच्या जगात गेली दहा-बारा वर्षे असाच एक वाद चालू आहे. लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालणारे प्रोग्रॅम, म्हणजे आज्ञावल्या, संगणकात कशा आणाव्यात हा त्याचा विषय. प्रत्येक प्रोग्रॅमने आपल्याला लागणारे सारे सामान गाठोड्यात बांधून आणावे, की संगणकात सर्वांसाठी ठेवलेले सामाईक सामान वापरावे?

हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीला नेहमीचा आधार देणे थांबवले. पुढची प्रणाली, विंडोज ११, अनेक जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे बसतच नाही. अशी यंत्रे भंगारात न काढता त्यांवर लिनक्स बसवून ती आणखी काही वर्षे वापरता येतात. शाळेच्या संगणक-कक्षात आणि घरोघरी असली यंत्रे असतात. त्यांवर लिनक्स बसवले की दुसऱ्याच दिवशी प्रश्न येतो, "आता यात नवीन प्रोग्रॅम कोठून आणि कसा आणायचा?" उत्तर चुकले तर डिस्क भरून जाते, यंत्र रखडते आणि क्वचित प्रसंगी चोरालाच घरात घेतल्यासारखे होते. म्हणून हा विषय मुळापासून समजावून घेऊ.

प्रोग्रॅम एकटा कधीच नसतो

समजा, तुम्ही आकाशदर्शनाचा एक प्रोग्रॅम लिहीत आहात. ताऱ्यांची स्थाने काढण्याचे गणित तुम्ही स्वतः लिहाल. पण पडद्यावर खिडकी उघडणे, त्यात बटणे काढणे, अक्षरे उमटवणे, चित्राची फाइल उलगडणे, इंटरनेटवरून माहिती आणणे, ही कामेही तुम्हीच पहिल्यापासून लिहाल काय? मुळीच नाही. ही कामे जगातल्या हजारो प्रोग्रॅमना लागतात. ती एकदाच नीट लिहून ठेवलेली असतात. अशा तयार कामांच्या संचाला 'लायब्ररी' असे म्हणतात.

ग्रंथालय हे नाव मोठे समर्पक आहे. तुम्ही निबंध लिहिताना शब्दकोश घरी छापत नाही, तर ग्रंथालयातला उघडून पाहता. प्रोग्रॅमही तसेच करतो. तो सुरू होताना प्रणालीला सांगतो, "मला अमुक लायब्ररी हवी." प्रणाली ती डिस्कवरून शोधते आणि त्याला जोडून देते. एकच लायब्ररी एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम वापरू शकतात. विशेष म्हणजे संगणकाच्या स्मृतीतसुद्धा तिच्या मजकुराची एकच प्रत ठेवून ती सर्वांना दाखवता येते. जागा वाचते ती अशी दुहेरी.

लायब्ररी दुसऱ्या लायब्ररीवर विसंबून असते आणि ती तिसरीवर. या साखळीला 'अवलंबित्व' म्हणतात. वरवर साध्या वाटणाऱ्या एखाद्या चित्रांच्या प्रोग्रॅममागे शंभराहून अधिक लायब्रऱ्यांची पलटण उभी असू शकते.

सामाईक स्वयंपाकघर

१९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्सने लिनक्सचा गाभा लिहिला आणि तो सर्वांना खुला केला. नुसता गाभा म्हणजे नुसते इंजिन. त्याभोवती लायब्रऱ्या, प्रोग्रॅम, पडद्यावरची मांडणी जमवून चालण्याजोगी गाडी करावी लागते. हे काम करणाऱ्या संचांना 'वितरणे' म्हणतात. डेबियन, फेडोरा, उबुंटू, लिनक्स मिंट ही त्यांतली काही प्रसिद्ध नावे. डेबियनची सुरुवात १९९३ मध्ये इअन मर्डॉक याने केली. आपल्याकडे सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे.

वितरण हे एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकघरासारखे असते. मीठ, तेल, पीठ, मसाले यांचे डबे एकेकच, आणि प्रत्येक पदार्थ त्यांतूनच करायचा. कोणता जिन्नस घरात येईल हे स्वयंपाकघर सांभाळणारी माणसे ठरवतात. डेबियनचे स्वयंसेवक हेच करतात. ते प्रोग्रॅमची मूळ संहिता आणतात, ती आपल्या लायब्रऱ्यांबरोबर चालते का हे तपासतात, त्याचे 'पॅकेज' तयार करून भांडारात ठेवतात. २०२३ साली निघालेल्या डेबियन १२ च्या भांडारात ६० हजारांहून अधिक पॅकेजे होती. तुम्ही एक आज्ञा दिली की हवे ते पॅकेज आणि त्याच्या अवलंबित्वाची सारी साखळी भांडारातून आपोआप उतरते.

या व्यवस्थेचा सर्वांत मोठा गुण संकटाच्या वेळी दिसला. एप्रिल २०१४ मध्ये 'ओपन-एसएसएल' या लायब्ररीत एक भयंकर छिद्र असल्याचे जाहीर झाले. इंटरनेटवरची गुप्त देवाणघेवाण सांभाळणारी ही लायब्ररी. छिद्राला 'हार्टब्लीड' हे नाव पडले. त्यातून सर्व्हरच्या स्मृतीतली गुपिते बाहेरच्या माणसाला वाचता येत होती. पण ज्या यंत्रांवर ही लायब्ररी सामाईक होती, तिथे एक पॅकेज बदलले आणि ती वापरणारे प्रोग्रॅम पुन्हा सुरू केले की काम झाले. मिठाचा एक डबा बदलला, की सगळ्या भाज्या सुधारल्या!

अडचण कोठे येते?

इतकी चांगली सोय असताना शिदोरीची गरज का भासली? एक उदाहरण घेऊ. 'स्टेलॅरियम' हा आकाशदर्शनाचा मुक्त प्रोग्रॅम तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याची १.० ही आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली आणि तिच्यापासून तो 'क्यूटी ६' या नव्या पिढीच्या लायब्ररीकडे वळला. आता क्यूटी ६ निघाली डिसेंबर २०२० मध्ये. समजा, तुमच्या शाळेत उबुंटू २०.०४ होते. नावाप्रमाणेच ते एप्रिल २०२० चे. त्याच्या भांडारात क्यूटी ६ असणार तरी कशी? ती तेव्हा जन्मलीच नव्हती. स्टेलॅरियमच्या कर्त्यांनी जुन्या क्यूटीसाठीही वाट ठेवली, म्हणून गाडी अडली नाही. परंतु प्रत्येक प्रोग्रॅमचे कर्ते असे दुहेरी काम करतीलच असे नाही.

मग भांडारातल्या लायब्रऱ्या सतत नव्या का करत नाहीत? कारण एक लायब्ररी बदलली की तिच्यावर विसंबलेले इतर प्रोग्रॅम बिघडू शकतात. म्हणून डेबियनसारखी वितरणे साधारण दोन वर्षांतून एकदा नवी आवृत्ती काढतात. मधल्या काळात आवृत्त्या गोठवून केवळ दुरुस्त्या तेवढ्या देतात. स्थैर्य मिळते, पण नावीन्य मागे पडते.

दुसरी अडचण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची. वितरणे अनेक, त्यांच्या आवृत्त्या अनेक, प्रत्येकीतल्या लायब्रऱ्या वेगळ्या. प्रत्येकीसाठी वेगळे पॅकेज कोण करीत बसणार? खुद्द टॉरव्हाल्ड्सलाच याचा अनुभव आला. त्याला पाण्यात बुडी मारण्याचा छंद आहे. बुड्यांची नोंद ठेवण्यासाठी त्याने २०११ मध्ये 'सबसरफेस' हा प्रोग्रॅम लिहायला घेतला. २०१४ साली डेबियनच्या परिषदेत त्याने जाहीर तक्रार केली. आम्ही विंडोज आणि मॅक यांच्यासाठी तयार प्रोग्रॅम देतो, पण लिनक्ससाठी देणे फार त्रासाचे होते, असा तिचा आशय होता. लिनक्सच्या जनकालाच लिनक्सवर आपला प्रोग्रॅम पोहोचवणे जड जावे, यावरून अडचण किती खरी होती ते कळते. पुढे सबसरफेसही शिदोरीच्या रूपात मिळू लागला.

तीन तऱ्हेच्या शिदोऱ्या

आज लिनक्सवर तीन प्रकारची स्वयंपूर्ण पॅकेजे प्रचारात आहेत.

पहिला प्रकार 'अ‍ॅपइमेज'. सायमन पीटर याने २००४ मध्ये 'क्लिक' या नावाने ही कल्पना प्रथम आणली. त्यातून आजचे रूप आले. येथे एक प्रोग्रॅम म्हणजे एकच फाइल. ती उतरवून घ्यायची, 'ही फाइल चालवण्याजोगी आहे' अशी खूण करायची आणि चालवायची. प्रोग्रॅम व लायब्रऱ्या फाइलीच्या पोटात दाबून बसवलेल्या असतात. फाइल चालवली की ते पोट एखाद्या लहानशा डिस्कसारखे उघडते. नको झाला तर फाइल पुसून टाकावी. प्रशासकाचा परवलीचा शब्दही लागत नाही. पेन ड्राइव्हवर घालून मित्राला देता येते.

दुसरा प्रकार 'स्नॅप'. उबुंटू काढणाऱ्या कॅनॉनिकल या कंपनीने तो तयार केला. एप्रिल २०१६ च्या उबुंटू १६.०४ पासून तो नेहमीच्या संगणकांवर आला. स्नॅपही दाबलेल्या डिस्कच्या रूपात असते. पण ती कॅनॉनिकलच्या दुकानातून येते आणि दिवसातून काही वेळा आपण होऊन नवी आवृत्ती आहे का हे तपासते.

तिसरा प्रकार 'फ्लॅटपॅक'. रेड हॅटमधील अलेक्झांडर लार्सन याने हे काम सुरू केले. २०१६ मध्ये त्याला हे नाव मिळाले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्याची १.० आवृत्ती निघाली. फ्लॅटपॅकने एक मधला मार्ग काढला आहे. बहुतेकांना लागणाऱ्या लायब्रऱ्यांचा एक मोठा संच, ज्याला 'रनटाइम' म्हणतात, तो वेगळा ठेवायचा आणि अनेक फ्लॅटपॅकांनी तो वाटून घ्यायचा. फक्त खास लागणाऱ्या लायब्रऱ्या प्रत्येकाने स्वतः आणायच्या. म्हणजे पोळी-भाजी सामाईक, लोणचे ज्याचे त्याचे!

थोडे गणित करू

शिदोरीचे ओझे किती, हे अंदाजाने बोलण्यापेक्षा मोजलेले बरे. हिशेबासाठी काही आकडे गृहीत धरू. प्रत्यक्षात ते प्रोग्रॅमप्रमाणे बदलतील. एका प्रोग्रॅमचा स्वतःचा भाग २० एमबी आणि त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या ३०० एमबी. आपल्याला असे १० प्रोग्रॅम हवे आहेत.

सामाईक पद्धतीत लायब्रऱ्या एकदाच येतील: ३०० + १० × २० = ५०० एमबी.

संपूर्ण शिदोरी पद्धतीत प्रत्येक जण सारे आणील: १० × (३०० + २०) = ३,२०० एमबी.

मधल्या पद्धतीत, समजा दहांपैकी काहींना एक रनटाइम आणि काहींना दुसरा लागला: २ × ३०० + १० × २० = ८०० एमबी.

लायब्रऱ्यांचे आकारमान 'ल' आणि प्रोग्रॅमची संख्या 'न' मानली, तर पहिल्या दोन पद्धतींतला फरक (न − १) × ल इतका येतो. या सूत्राकडे नीट पाहा. 'न' जर १ असेल तर फरक शून्य! म्हणजे एखादाच प्रोग्रॅम हवा असेल तर शिदोरीचे ओझे जाणवत नाही. जसजसे प्रोग्रॅम वाढतात, तसतसे ते त्याच प्रमाणात वाढत जाते.

हाच हिशेब २० यंत्रांच्या संगणक-कक्षाला लावा. प्रत्येक यंत्राने स्वतंत्रपणे सारे इंटरनेटवरून उतरवले तर सामाईक पद्धतीत १० जीबी, मधल्या पद्धतीत १६ जीबी आणि पूर्ण शिदोरीत ६४ जीबी माहिती आणावी लागेल. इंटरनेटचा वेग बेताचा असलेल्या गावात हा फरक दिवसांचा होतो. मात्र एक पळवाट आहे. अ‍ॅपइमेज एकदाच उतरवून पेन ड्राइव्हने वीसही यंत्रांवर नेता येते. म्हणजे आकार मोठा असला, तरी इंटरनेट नसलेल्या शाळेला ती उलट सोयीची पडू शकते.

खरे आकडे आमच्या गृहीतापेक्षा थोडे सौम्य असतात, हेही सांगितले पाहिजे. शिदोरी बांधणारा लागेल तेवढेच सामान घेतो आणि ते दाबून बसवतो. फ्लॅटपॅक तर दोन संचांत सारख्याच असलेल्या फाइली डिस्कवर एकदाच साठवतो. परंतु दाबलेले सामान उलगडायला प्रोसेसरला श्रम पडतात. एप्रिल २०२२ च्या उबुंटू २२.०४ मध्ये फायरफॉक्स हा ब्राउझर स्नॅपच्या रूपात दिला गेला, तेव्हा तो पहिल्यांदा उघडायला फार वेळ घेतो अशी ओरड झाली. पुढे त्यात सुधारणा झाल्या. जुन्या, फिरत्या डिस्कच्या यंत्रावर मात्र असा फरक अजूनही जाणवतो.

कुंपणाचा फायदा

शिदोरीचा एक फायदा वरवर दिसत नाही. नेहमीच्या पद्धतीने बसवलेला प्रोग्रॅम चालू झाला की तुम्हाला जे जे दिसते ते ते त्यालाही दिसते. तुमचे निबंध, फोटो, ब्राउझरने साठवलेले परवलीचे शब्द, सारे काही! बुद्धिबळाच्या खेळाला तुमचे फोटो पाहण्याचे कारण काय?

स्नॅप आणि फ्लॅटपॅक प्रोग्रॅमभोवती कुंपण घालतात. त्याला सॅण्डबॉक्स म्हणतात. आतल्या प्रोग्रॅमला त्याचे स्वतःचे सामान दिसते. बाहेरच्या वस्तूसाठी परवानगी लागते. फ्लॅटपॅकमधील युक्ती पाहण्यासारखी आहे. प्रोग्रॅमला फाइल हवी असेल तर तो स्वतः कपाट उघडत नाही, तो पोर्टल नावाच्या खिडकीवर मागणी नोंदवतो. प्रणाली तुम्हाला विचारते, "कोणती फाइल देऊ?" तुम्ही निवडाल तेवढीच त्याच्या हाती पडते. बँकेत आपण तिजोरीत शिरत नाही, खिडकीतून मागतो, तसेच हे.

पण कुंपणाला फाटक किती मोठे ठेवायचे, हे बहुधा पॅकेज बांधणारा ठरवतो. काही पॅकेजे तुमचा सारा घर-फोल्डर मागतात. काही स्नॅप 'क्लासिक' प्रकारची असतात आणि त्यांना कुंपण नसतेच. साध्या अ‍ॅपइमेजलाही ते नसते. तेव्हा स्वयंपूर्ण म्हणजे सुरक्षित, असे समीकरण मांडू नये.

एक छिद्र, शेकडो प्रती

आता शिदोरीचा सर्वांत गंभीर दोष पाहू. सप्टेंबर २०२३ मध्ये 'लिब-वेबपी' या लायब्ररीत छिद्र सापडले. वेबपी हा चित्रे साठवण्याचा एक प्रकार. चित्र उलगडताना ही लायब्ररी काही तक्ते तयार करते. मुद्दाम बिघडवून तयार केलेले चित्र दिले, की तक्ता ठरलेल्या जागेबाहेर सांडत असे. म्हणजे नुसते चित्र पाहिल्याने परक्या माणसाची आज्ञा तुमच्या यंत्रात चालण्याचा धोका. हल्लेखोर त्याचा उपयोग करू लागलेही होते.

लायब्ररीची दुरुस्ती काही दिवसांतच आली. ज्या प्रोग्रॅमनी वितरणाची सामाईक प्रत वापरली होती, ते एका पॅकेजच्या बदलाने बरे झाले. पण क्रोम, फायरफॉक्स यांसारखे ब्राउझर आणि ब्राउझरचेच अंतरंग वापरून बनवलेले गप्पांचे व लेखनाचे कित्येक प्रोग्रॅम ही लायब्ररी आपल्या पोटात घेऊन हिंडत होते. त्या प्रत्येकाला स्वतंत्र नवी आवृत्ती काढावी लागली. मोठ्या ब्राउझरनी ती एक-दोन दिवसांत काढली. पण कोणी हौशी कर्त्याने तीन वर्षांपूर्वी बांधून ठेवलेली आणि नंतर विसरलेली शिदोरी कोण दुरुस्त करणार? ती तशीच राहते. वापरणाऱ्याला तर आत काय आहे हे माहीतही नसते. शिळी दशमी दिसायला चांगलीच दिसते.

फ्लॅटपॅकच्या रनटाइमला येथे थोडा फायदा आहे. दुरुस्त झालेला रनटाइम आला की त्यावर चालणारी सारी फ्लॅटपॅके एकदम सुधारतात. जे लोणचे ज्याने त्याने स्वतः आणले, त्याची जबाबदारी मात्र त्याचीच.

दुकानात वस्तू कोणी ठेवली?

वितरणाच्या भांडारात पॅकेज यायचे तर प्रोग्रॅमचा कर्ता आणि पॅकेज करणारा असे सहसा दोन वेगळे डोळे त्यावरून फिरतात. शिदोरी अनेकदा कर्ता स्वतःच बांधतो. वेग वाढतो, पण तपासणीची एक पायरी कमी होते. मे २०१८ मध्ये स्नॅपच्या दुकानात '२०४८बुंटू' नावाचा एक आकड्यांचा खेळ सापडला. खेळ खरा होता, पण आत लपवलेला एक भाग खेळणाऱ्याच्या यंत्राची ताकद वापरून कुणा दुसऱ्यासाठी आभासी नाणी कमावत होता! तो काढून टाकण्यात आला. पुढेही नामांकित डिजिटल पाकिटांच्या नावाने बनावट स्नॅपे दुकानात शिरल्याचे प्रकार घडले. फ्लॅटहब या फ्लॅटपॅकच्या मोठ्या भांडारात नवा प्रोग्रॅम येताना माणसे तपासतात आणि मूळ कर्त्यानेच ठेवलेल्या प्रोग्रॅमवर तशी खूण असते. तरीही खूण नसलेले पुष्कळ प्रोग्रॅम तिथे आहेत.

आणखी एक प्रश्न सत्तेचा. फ्लॅटपॅकचे भांडार कोणालाही उभारता येते. स्नॅपचे दुकान मात्र एकच, कॅनॉनिकलचे, आणि त्या दुकानाच्या सर्व्हरची संहिता खुली नाही. मुक्त प्रणालीच्या दाराशी बंद दुकान का, असा आक्षेप अनेकांनी घेतला. जून २०२० मध्ये निघालेल्या लिनक्स मिंट २० ने स्नॅप आपोआप बसणार नाही अशी व्यवस्थाच केली. उलट २०२३ मध्ये उबुंटूच्या अधिकृत भावंडांनी फ्लॅटपॅक आधीपासून बसवून देणे थांबवले. हवे असल्यास ते स्वतः बसवता येते. कॅनॉनिकलचे म्हणणे असे, की एकच दुकान असले म्हणजे वापरणाऱ्याचा गोंधळ होत नाही आणि आपोआप होणाऱ्या सुधारणांमुळे छिद्रे लवकर बुजतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे.

'स्वयंपूर्ण' हे किती खरे?

भौतिकशास्त्रात आपण 'विलग प्रणाली' असे म्हणतो, पण पूर्णपणे विलग अशी प्रणाली प्रयोगशाळेत सापडत नाही. उष्णता कोठून तरी झिरपतेच. स्वयंपूर्ण पॅकेजचेही तसेच आहे. लिनक्सचा गाभा कोणी शिदोरीत बांधून आणत नाही, तो यंत्रातलाच लागतो. पडद्यावरचे चित्र रंगवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाशी बोलणारा भागही यंत्राशी जुळावा लागतो. अ‍ॅपइमेज तर सहसा सर्वांत मूलभूत अशी सी-लायब्ररी यंत्रातलीच वापरते. म्हणून ती जुन्यात जुन्या प्रणालीवर बांधावी, म्हणजे नव्यांवरही चालते, असा संकेत आहे.

याचा एक गमतीदार प्रसंग २०२२ मध्ये घडला. अ‍ॅपइमेज उघडायला 'फ्यूज' नावाच्या लायब्ररीची दुसरी आवृत्ती लागत असे. उबुंटू २२.०४ मध्ये ती आधीपासून बसवलेली नव्हती. झाले! 'कोठेही चालेल' अशी ख्याती असलेल्या फाइली चालेनात. डबा भरलेला होता, पण उघडायचा चमचा घरी राहिला. ती लायब्ररी वेगळी बसवली की काम होत असे. नंतर तो चमचाही डब्यातच ठेवण्याची सोय निघाली.

मग काय करावे?

सर्व प्रसंगांना पुरेल असे एकच उत्तर नाही. पण शाळेच्या किंवा घरच्या यंत्रासाठी पुढील क्रम समंजसपणाचा ठरेल.

प्रथम वितरणाच्या भांडारात पाहावे. लेखन, आकडेमोड, चित्रकला यांचे रोजचे प्रोग्रॅम तिथे असतातच. आवृत्ती वर्ष-दोन वर्षे जुनी असली तरी दहावीच्या प्रकल्पाला त्याने काही बिघडत नाही. भांडारातला प्रोग्रॅम फारच जुना असेल किंवा तिथे नसेलच, तर मूळ कर्त्याची खूण असलेले फ्लॅटपॅक किंवा स्नॅप घ्यावे आणि बसवण्यापूर्वी ते कोणकोणत्या परवानग्या मागते हे वाचावे. एखादा प्रोग्रॅम तात्पुरता पाहायचा असेल, किंवा इंटरनेट नसेल, तर अ‍ॅपइमेज सोयीची. ती मात्र कर्त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवावी, आणि नवी आवृत्ती आली की जुनी पुसावी. बहुतेक अ‍ॅपइमेजा आपण होऊन नव्या होत नाहीत, ही जबाबदारी तुमची.

हल्ली काही वितरणे या दोन पद्धतींची निराळीच सांगड घालत आहेत. फेडोरा सिल्व्हरब्लू या प्रणालीत मूळ गाभ्याच्या फाइली कुलूपबंद असतात आणि वरचे प्रोग्रॅम फ्लॅटपॅकच्या रूपात येतात. २०२२ मध्ये आलेल्या 'स्टीम डेक' या हातातल्या खेळयंत्रातही अशीच रचना आहे. पाया स्थिर, वरचे सामान हवे तेव्हा बदलावे. ज्या संगणक-कक्षात दिवसाकाठी शंभर मुलांचे हात यंत्राला लागतात, तिथे ही रचना उपयोगी पडेल असे मला वाटते. डिस्क आणि स्मृती पुरेशी हवी, ही अट मात्र सुटत नाही.

करून पाहा

लिनक्सचे यंत्र हाताशी असेल तर हे दोन लहान प्रयोग करता येतील.

(१) टर्मिनल उघडा. 'एल, डी, डी' ही तीन इंग्रजी अक्षरे लहान लिपीत टंकून, एक जागा सोडून, वितरणाबरोबर आलेल्या एखाद्या प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता द्या. तो ज्या लायब्रऱ्या मागतो त्यांची यादी दिसेल. फाइलींची यादी दाखवणारा साधा प्रोग्रॅम आणि खिडकी उघडणारा एखादा मोठा प्रोग्रॅम, या दोघांच्या याद्यांतील ओळी मोजा. दोन्हींत समान नावे किती? हा प्रयोग अनोळखी ठिकाणाहून उतरवलेल्या फाइलीवर करू नका. ही आज्ञा काही वेळा त्या फाइलीतला भाग चालवू शकते.

(२) एकच प्रोग्रॅम, उदाहरणार्थ स्टेलॅरियम, भांडारातून आणि फ्लॅटपॅकमधून घेतल्यास किती एमबी उतरवावे लागतील, हे सॉफ्टवेअरच्या दालनात पाहून वहीत लिहा. मग त्याच रनटाइमवर चालणारा दुसरा प्रोग्रॅम निवडा. या वेळी फ्लॅटपॅकचा आकडा किती कमी झाला? वर दिलेल्या सूत्राशी तो ताडून पाहा.

आणि एक प्रश्न विचारासाठी. आपण सामाईक पद्धतीचे ५०० एमबी आणि मधल्या पद्धतीचे ८०० एमबी काढले, तेव्हा रनटाइम दोन धरले होते. दहा प्रोग्रॅमना जर पाच वेगवेगळे रनटाइम लागले तर एकूण जागा किती लागेल? आणि दहांना दहा लागले तर? उत्तर काढल्यावर ते कोणत्या पद्धतीच्या आकड्याशी जुळते आणि का, हे आपल्या शिक्षकांशी बोलून पाहा.